शेंगदाण्याचा भाव आणि न दिसणारी बुरशी

साबुदाण्याची खिचडी, भाजीतले दाण्याचे कूट, काकडीची कोशिंबीर, सोलापूरची शेंगा चटणी, गुळाबरोबर वळलेला लाडू. मराठी स्वयंपाकघरात शेंगदाण्याशिवाय दिवस जाणे कठीण. उपवास असला की खप आणखी वाढतो. पोषणाच्या दृष्टीनेही हा दाणा मोलाचा आहे. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात आणि ४८ ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश असतो, तोही बहुतांशी असंतृप्त. ‘गरिबांचे बदाम’ हे नाव त्याला उगाच मिळालेले नाही.

मात्र या दाण्याच्या आरोग्याशी जोडलेली एक बाजू ग्राहकाला दिसत नाही आणि बाजारातही तिची किंमत होत नाही. बाजार समितीत शेंगांचा ढीग लिलावाला येतो, तेव्हा व्यापारी मूठभर शेंगा उचलतो, दोन-चार फोडतो, दाण्याचा आकार, रंग, पोचट शेंगांचे प्रमाण पाहतो आणि बोली लावतो. शंभर किलो शेंगांतून दाणे किती निघतील, म्हणजे उतारा ६५ चा पडेल की ७० चा, हा त्याचा मुख्य हिशेब. दाण्यात ‘अफ्लाटॉक्सिन’ नावाचे विष आहे की नाही, हे या पाहणीत कळत नाही. ते डोळ्यांना दिसत नाही, त्याला वास नाही आणि चवही नाही. हे विष तयार होऊ नये म्हणून जो शेतकरी जास्त काळजी घेतो, त्याला आजच्या बाजारात अनेकदा कमीच पैसे मिळतात. हा विरोधाभास समजून घ्यायचा, तर आधी हे विष काय आहे ते पाहायला हवे.

टर्कींचा गूढ आजार

१९६० साली इंग्लंडमध्ये काही महिन्यांत एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. पक्ष्यांचे यकृत खराब झालेले आढळत होते, पण जंतू किंवा विषाणू सापडत नव्हता. कारण कळेना म्हणून या आजाराला ‘टर्की एक्स’ असेच नाव पडले. शोध घेता घेता धागा पक्ष्यांच्या खाद्यापर्यंत पोहोचला. त्यात ब्राझीलहून आलेली भुईमुगाची पेंड होती आणि त्या पेंडीत ‘ॲस्परजिलस फ्लेव्हस’ ही बुरशी वाढलेली होती. या बुरशीने तयार केलेले विष वेगळे करण्यात आले आणि बुरशीच्याच नावावरून त्याला अफ्लाटॉक्सिन म्हटले गेले.

या विषाचे अनेक प्रकार आहेत. अन्नधान्यात मुख्यतः चार आढळतात: बी-१, बी-२, जी-१ आणि जी-२. अतिनील प्रकाशात काही निळे चमकतात, काही हिरवे. ब्लू आणि ग्रीन या शब्दांची आद्याक्षरे तेवढी नावात आली. यातला बी-१ सर्वांत घातक. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अफ्लाटॉक्सिनचा समावेश गट १ मध्ये केला आहे. म्हणजे माणसात कर्करोग घडवण्याबाबत पुरेसा पुरावा असलेल्या गोष्टींत. तंबाखूचा धूर आणि ॲस्बेस्टॉस याच गटात आहेत. अर्थात गट एक असला म्हणजे धोक्याचे प्रमाणही सारखे, असा त्याचा अर्थ नाही. पुरावा तितकाच पक्का आहे, एवढेच हा गट सांगतो.

यकृतात काय घडते?

पोटात गेलेले कोणतेही परके रसायन निकामी करून बाहेर टाकण्याचे काम यकृत करते. बी-१ च्या बाबतीत मात्र हीच प्रक्रिया अंगाशी येते. यकृतातील विकरे त्याचे रूपांतर एका अत्यंत क्रियाशील रेणूत करतात. हा रेणू पेशीतील डीएनएला जाऊन चिकटतो. पेशीने ही बिघडलेली जागा वेळेत दुरुस्त केली नाही, तर डीएनएच्या मजकुरात कायमची चूक राहते. पेशींच्या वाढीला लगाम घालणाऱ्या ‘पी-५३’ या जनुकातही अशी चूक होते. ज्या भागांत अन्नातून अफ्लाटॉक्सिन जास्त जाते, तेथील यकृताच्या कर्करोगाच्या रुग्णांमध्ये या जनुकात एका ठरावीक ठिकाणी झालेला बदल वारंवार सापडला आहे.

हिपॅटायटिस बी या विषाणूची साथ मिळाली की धोका कित्येक पटींनी वाढतो. दीर्घकाळ हा संसर्ग असलेल्या व्यक्तीच्या शरीरात अफ्लाटॉक्सिनही जात असेल, तर यकृताच्या कर्करोगाची शक्यता ३० पटींपर्यंत वाढू शकते. म्हणूनच बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत दिली जाणारी हिपॅटायटिस बीची लस या विषाविरुद्धही अप्रत्यक्ष ढाल ठरते.

एकाच वेळी फार मोठी मात्रा पोटात गेली, तर काही दिवसांत कावीळ होऊन मृत्यू ओढवू शकतो. १९७४ साली गुजरातमधील पंचमहाल आणि राजस्थानातील बांसवाडा या आदिवासी भागांत अवकाळी पावसात भिजलेला, बुरशी लागलेला मका खाल्ल्याने शंभराहून अधिक माणसे दगावली. केनियात २००४ साली अशाच मक्याने १२५ जणांचा बळी घेतला. या दोन्ही ठिकाणी मका हेच रोजचे मुख्य अन्न होते आणि तो मोठ्या प्रमाणात दूषित होता. शेंगदाणा आपण त्या प्रमाणात खात नाही. त्यामुळे खिचडीत एखादा खराब दाणा आला म्हणून घाबरायचे कारण नाही. इथला प्रश्न वर्षानुवर्षे थोडे थोडे पोटात जाण्याचा आहे. कर्करोगकारक पदार्थाची ‘इतके चालते’ अशी निर्धोक मात्रा सांगता येत नाही. जितके कमी तितके बरे, हाच नियम.

बुरशीच्या घरात वाढणारी शेंग

भुईमुगालाच हा त्रास जास्त का, याचे उत्तर त्याच्या वाढीच्या पद्धतीत आहे. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या या झाडाला पिवळे फूल जमिनीच्या वर येते, पण फळ जमिनीखाली धरते. परागीभवन झाले की फूल सुकते आणि त्याच्या तळापासून एक टोकदार देठ खाली वाढू लागतो. यालाच शेतकरी ‘आऱ्या सुटणे’ म्हणतात. आरी मातीत घुसली की तिच्या टोकाशी, अंधारात, शेंग फुगते. म्हणून या पिकाला मध्यम, भुसभुशीत, निचऱ्याची जमीन लागते. काही शेतकरी आऱ्या मातीत नीट शिराव्यात म्हणून पिकावरून रिकामा ड्रम फिरवतात, तोही याचसाठी.

जिप्समचे गणितही इथेच आहे. मुळांनी शोषलेले कॅल्शियम पाण्याबरोबर पानांकडे जाते, कारण पानांतून पाण्याचे बाष्प होत असते. मातीखालच्या शेंगेतून तसे बाष्प होत नाही. त्यामुळे मुळांकडून येणारे कॅल्शियम तिच्यापर्यंत पुरेसे पोहोचतच नाही. शेंगेला ते आपल्या टरफलातून, सभोवतालच्या मातीतून थेट घ्यावे लागते. ते मिळाले नाही तर शेंगा पोचट राहतात आणि टरफल कमकुवत होते. आऱ्या सुटण्याच्या वेळी जिप्सम देण्याची शिफारस यासाठीच असते. त्यामुळे दाणे भरतात आणि बुरशीला आत शिरायला वाटही कमी मिळते.

कारण ही बुरशी मातीतच राहते. म्हणजे भुईमुगाची शेंग जन्मापासून काढणीपर्यंत बुरशीच्या घरातच वाढत असते. एरवी तिला स्वतःचे संरक्षण असते. दाण्यात पुरेसा ओलावा असेपर्यंत तो बुरशीला रोखणारी रसायने स्वतः तयार करतो. पण शेवटच्या तीन ते सहा आठवड्यांत पावसाने ताण दिला, माती तापली, की दाण्यातला ओलावा उतरतो आणि ही रसायने तयार होणे थांबते. त्याच वेळी टरफलाला बारीक भेगा पडतात. हुमणी किंवा वाळवीने शेंग पोखरली असेल तर वाट आयतीच मिळते. तापलेली कोरडी माती या बुरशीला मानवते, तिच्याशी स्पर्धा करणारे इतर सूक्ष्मजीव मात्र मागे पडतात.

महाराष्ट्रातल्या खरीप भुईमुगाचे वेळापत्रक या दृष्टीने नाजूक आहे. जून-जुलैत पेरलेले पीक दाणे भरत असते, तेव्हा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पावसाचा खंड पडतो. काढणीला आले की परतीचा पाऊस गाठतो. आधी ताण आणि मग भिजणे, हा क्रम बुरशीच्या पथ्यावर पडतो. उन्हाळी भुईमूग पाण्यावर असतो, उत्पादनही जास्त देतो. पण पेरणी लांबली तर त्याची काढणी वळवाच्या पावसात सापडते. म्हणून या काळात शेततळ्यातून किंवा विहिरीतून तुषार सिंचनाने दिलेली एक-दोन संरक्षित पाणी केवळ उत्पादन वाढवत नाहीत, तर अन्नाची सुरक्षितताही राखतात.

वाण निवडतानाही हा विचार उपयोगी पडतो. जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्रातून आलेला जेएल-२४ म्हणजेच ‘फुले प्रगती’, किंवा भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने मिळून दिलेला टीएजी-२४, हे लवकर येणारे उपटे वाण आहेत. लवकर येणारे पीक शेवटच्या ताणातून सुटण्याची शक्यता अधिक. मात्र उपट्या वाणांना सुप्तावस्था फारशी नसते. काढणी लांबली आणि पाऊस आला तर शेंगा जमिनीतच मोड धरतात. त्यामुळे काढणीचा दिवस साधणे महत्त्वाचे. काही शेंगा फोडून पाहाव्यात. बहुतेकांच्या टरफलाची आतली बाजू काळसर झाली असेल तर पीक तयार आहे.

शेवटचे आठ दिवस

शेतात शिरलेली बुरशी वाढणार की थांबणार, हे काढणीनंतरच्या आठवड्यात ठरते. उपटताना शेंगेत ३५ ते ५० टक्के ओलावा असू शकतो. साठवणीसाठी तो आठ-नऊ टक्क्यांवर यावा लागतो. हा प्रवास जितका जलद तितके उत्तम. उपटलेले वेल ढीग करून ठेवले तर आत ऊब धरते आणि दोन-तीन दिवसांत बुरशी पसरते. तेच वेल पाला खाली आणि शेंगा वर अशा रीतीने ओळीत उलटे ठेवले, तर शेंगांना वारा आणि ऊन मिळते, मातीचा ओलावा लागत नाही. मग शेंगा तोडून ताडपत्रीवर पातळ थरात वाळवायच्या, दिवसातून दोन-तीनदा हलवायच्या, रात्री दवापासून झाकायच्या. मूठभर शेंगा कानाशी हलवून पाहिल्यावर आत दाणा खुळखुळ वाजला, की वाळवण होत आली हे जुने जाणते शेतकरी ओळखतात. ओलावामापक यंत्र हेच आकड्यात सांगते.

दोन सवयी मात्र सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवतात. पहिली, सरव्याच्या शेंगा मुख्य मालात मिसळणे. वेल उपटल्यावर जमिनीत राहिलेल्या शेंगा नंतर वेचून काढल्या जातात. त्या जास्त पिकलेल्या, तुटलेल्या, किडीने लागलेल्या असतात. त्यांचे वजन थोडे, पण विषाचा वाटा मोठा असू शकतो. त्या वेगळ्याच ठेवायला हव्यात. दुसरी, फोडण्याआधी शेंगांवर पाणी मारणे. कोरड्या शेंगा यंत्रात घातल्या की दाणे फुटतात, फुटक्या दाण्याला भाव कमी. म्हणून काही ठिकाणी शेंगा ओल्या करून फोडतात. वजनही थोडे वाढते. आठवडाभर उन्हात घालवलेला ओलावा अशा रीतीने काही मिनिटांत परत आत जातो, आणि पुढे तो माल पोत्यात बंद होतो.

एक दाणा, एक पोते

अफ्लाटॉक्सिनचे मोजमाप अतिशय सूक्ष्म असते. भारतीय अन्नसुरक्षा आणि मानके प्राधिकरणाची मर्यादा पुढील प्रक्रियेसाठी जाणाऱ्या दाण्यांना किलोमागे १५ मायक्रोग्रॅम आणि थेट खाण्याच्या दाण्यांना १० मायक्रोग्रॅम आहे. किलोमागे एक मायक्रोग्रॅम म्हणजे शंभर कोटी भागांत एक भाग. युरोपीय संघाची थेट खाण्याच्या शेंगदाण्यासाठीची मर्यादा याहून बरीच कडक, एकूण ४ मायक्रोग्रॅम आणि त्यात बी-१ केवळ २.

यातली खरी अडचण वेगळीच आहे. विष पोत्यात सारखे पसरलेले नसते. हजारो दाणे पूर्ण स्वच्छ असतात आणि एखाद्यात प्रचंड साठा असतो. एकाच दाण्यात किलोमागे दहा लाख मायक्रोग्रॅम या दराने विष असल्याची नोंद आहे. हिशेब करून पाहू. अर्ध्या ग्रॅमच्या अशा एका दाण्यात ५०० मायक्रोग्रॅम विष असेल. तो ५० किलोच्या पोत्यात पडला तर पोत्याची सरासरी किलोमागे १० मायक्रोग्रॅम होते. म्हणजे पोत्यातले बाकीचे सारे दाणे निर्मळ असले तरी एका दाण्याने पोते मर्यादेला टेकते.

म्हणून मूठभर नमुना तपासून काही कळत नाही. मोठ्या लॉटमधून अनेक ठिकाणचे मिळून कित्येक किलोचा नमुना घ्यावा लागतो, तो सगळा दळून एकजीव करावा लागतो आणि मग त्यातला थोडा भाग प्रयोगशाळेत जातो. याच गोष्टीची दुसरी बाजू मात्र आशादायक आहे. विष थोड्याच दाण्यांत एकवटलेले असते आणि ते दाणे बहुधा सुरकुतलेले, रंग बदललेले, फुटके किंवा किडके असतात. ते निवडून काढले की बहुतांश विष मालातून बाहेर जाते. आपल्याकडच्या बायका सुपात दाणे घेऊन निवडत बसतात. मोठ्या कारखान्यांत हेच काम रंग ओळखणारी यंत्रे करतात.

भाव कशाचा मिळतो?

देशात दरवर्षी सुमारे ५० लाख हेक्टरवर भुईमूग होतो आणि उत्पादन साधारण एक कोटी टनांच्या घरात असते. चीनखालोखाल जगात भारताचा क्रमांक लागतो. देशाच्या उत्पादनात गुजरातचा वाटा सर्वांत मोठा आहे. पुण्याच्या मार्केट यार्डात शेंगदाण्याचे भाव जाडा, स्पॅनिश, घुंगरू अशा नावांनी निघतात. निर्यातीच्या व्यापारात ‘बोल्ड’ आणि ‘जावा’ हे प्रकार आणि त्यापुढे काउंट, म्हणजे एका औंसात किती दाणे बसतात तो आकडा. ४०-५० चा दाणा मोठा आणि महाग, ८०-९० चा लहान. या सगळ्या प्रतवारीत आकार आहे, रंग आहे, वाण आहे. वाळवण कशी झाली, याला स्वतंत्र रकाना नाही.

आता शेतकऱ्याच्या बाजूने हिशेब मांडू. १२ टक्के ओलाव्याच्या एक क्विंटल शेंगा त्याने आठ टक्क्यांपर्यंत वाळवल्या, तर वजन साधारण साडेपंच्याण्णव किलोवर येते. साडेचार किलोच्या आसपास पाणी उडाले. २०२५-२६ च्या खरिपासाठी भुईमुगाचा हमीभाव क्विंटलला ७,२६३ रुपये होता. त्या दराने क्विंटलमागे तीनशे रुपयांहून अधिक घट. दहा क्विंटलला तीन हजारांवर. शिवाय ताडपत्री, मजुरी, रात्रीची राखण आणि दरम्यान भाव पडण्याची भीती. सरकारी खरेदीत ओलाव्याची अट असते, पण बरेचसे पीक खासगी लिलावात विकले जाते. तिथे थोड्या ओलसर आणि नीट वाळलेल्या मालाच्या भावात घट भरून निघेल एवढा फरक पडेलच याची खात्री नसते. सण तोंडावर असतो, उसनवार फेडायची असते, रब्बीचे बियाणे घ्यायचे असते. अशा वेळी ओलसर माल गाडीत भरणाऱ्या शेतकऱ्याला निष्काळजी म्हणणे सोपे आहे. पण बाजार त्याला पाण्याचेही पैसे देतो, हे आपण विसरतो.

निर्यातीच्या बाजारात हिशेब उलटा असतो. इंडोनेशिया, व्हिएतनाम, मलेशिया, फिलिपाइन्स, थायलंड, चीन हे आपले मोठे ग्राहक. सप्टेंबर २०२५ मध्ये इंडोनेशियाने अफ्लाटॉक्सिनच्या कारणावरून भारतीय शेंगदाण्याची आयात काही काळ थांबवली. युरोपीय संघाने भारतीय शेंगदाणा जादा तपासणीच्या यादीत ठेवलेला आहे. तिकडे खरेदीदार प्रयोगशाळेचा आकडा मागतो, म्हणून इकडे निर्यातदार तो पुरवण्याची व्यवस्था करतो. ‘अपेडा’ या केंद्रीय संस्थेने ‘पीनट डॉट नेट’ नावाची नोंदप्रणाली उभारली आहे. कोणत्या कारखान्यातला लॉट, कोणत्या प्रयोगशाळेत तपासला, हे त्यात मागे शोधता येते.

मग निवडीत बाजूला पडलेला दाणा कुठे जातो? तो नष्टच होतो असे नाही. फुटका, बारीक, डागी माल स्वस्तात विकला जातो आणि तेल, पेंड किंवा कूट होऊन तो देशातच फिरतो. दाण्याचे कूट झाल्यावर तर खराब दाणा ओळखण्याची शेवटची संधीही जाते. परदेशी ग्राहकाला मिळणारी खात्री आपल्या किराणा दुकानातल्या ग्राहकाला मिळत नाही.

पेंडीतून दुधात

भुईमुगाचे तेल काढले की बहुतेक विष पेंडीत राहते. तेल शुद्धीकरणाच्या प्रक्रियेत उरलेसुरलेही निघून जाते. लाकडी घाण्याचे तेल मात्र शुद्धीकरणातून जात नाही. त्यात पेंडीचे बारीक कण राहिले तर त्यांच्याबरोबर थोडे विषही राहू शकते. म्हणून घाण्याचे तेल घेणाऱ्याने दाणे कोणते वापरले, निवडलेले होते का, तेल नीट गाळले आहे का, हे विचारायलाच हवे. डागी दाणे तेलाला चालतात, ही समजूत घाण्यापुरती तरी सोडून द्यायला हवी.

पेंड जनावरांच्या पोटात जाते. दूषित पेंड खाल्लेल्या गाई-म्हशींच्या शरीरात बी-१ चे रूपांतर एम-१ मध्ये होते आणि ते दुधात उतरते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने घेऊन सर्वेक्षण केले. त्यांपैकी ३६८, म्हणजे ५.७ टक्के नमुन्यांत एम-१ मर्यादेपेक्षा जास्त आढळले. दुधातील भेसळीची चर्चा आपण नेहमी करतो. पण या सर्वेक्षणात भेसळीपेक्षा हे विष अधिक नमुन्यांत सापडले. अर्थात त्याला केवळ भुईमुगाची पेंड कारणीभूत नसते. सरकी, मका, ओला चारा यांतूनही ते येते. दूध उकळल्याने ते जात नाही, म्हणून अडवण्याची जागा गोठ्यातच आहे. बुरशी धरलेली पेंड ‘जनावरांना चालते’ असे म्हणून गव्हाणीत टाकली, की ती लहान मुलांच्या पेल्यात परत येते.

उपाय कुठे आहेत?

या विषाला पूर्ण दाद न देणारा वाण आज शेतकऱ्याच्या हातात नाही. हैदराबादजवळच्या पटणचेरू येथील ‘इक्रिसॅट’ या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर जनुकीय बदलाने असे दाणे प्रयोगशाळेत तयार केले आहेत. शेतापर्यंत यायला त्यांना बरेच टप्पे पार करावे लागतील. आफ्रिकेत आणि अमेरिकेत आणखी एक युक्ती वापरात आली आहे. याच बुरशीचे काही प्रकार विष तयार करत नाहीत. असे निरुपद्रवी प्रकार धान्यावर वाढवून शेतात टाकले, की ते जागा आधी बळकावतात आणि विषारी प्रकारांना वाव मिळत नाही. नायजेरियासह अनेक आफ्रिकी देशांत ‘अफ्लासेफ’ नावाने हे उत्पादन वापरले जाते. निरुपद्रवी प्रकार त्या त्या देशाच्या मातीतूनच निवडावे लागतात, त्यामुळे ते नुसते आयात करून भागत नाही.

तोवर आपल्या हाती जे आहे तेही कमी नाही. बीजप्रक्रियेत ट्रायकोडर्मा, आऱ्या सुटताना जिप्सम, दाणे भरताना पाणी, वेळेवर काढणी, उलटे वेल, ताडपत्री, सरवा वेगळा, फोडताना पाणी नाही. यातले बहुतेक काही नवीन नाही आणि महागही नाही. पण त्याला भावाची जोड हवी. बाजार समितीत लिलावापूर्वी ओलावामापकाने प्रत्येक ढिगाचा आकडा घेऊन तो पाटीवर लिहिला, तरी वाळलेल्या मालाला वेगळी बोली मिळण्याची सुरुवात होईल. शेतकरी उत्पादक कंपन्यांना सामायिक वाळवण ओटे, निवड यंत्र आणि काही मिनिटांत निकाल देणाऱ्या तपासणी पट्ट्या परवडू शकतात. एकट्या दोन एकरवाल्याला ते जमणार नाही. चिक्की, खारे दाणे, पीनट बटर बनवणाऱ्या कंपन्या तपासलेला माल थेट अशा गटांकडून घेऊ लागल्या, तर वाळवणातली घट भरून निघणारा भाव देणे त्यांनाही शक्य आहे. कारण परत आलेल्या मालाचे नुकसान त्याहून मोठे असते.

घरात घ्यायची काळजी

शेंगदाणे खाणे बंद करण्याची मुळीच गरज नाही. दाणे मात्र पाहून घ्यावेत. तयार कुटापेक्षा अख्खे दाणे घ्यावेत आणि कूट घरी करावे. भाजण्यापूर्वी ताटात पसरून सुरकुतलेले, काळपट, डागी, किडके आणि फुटके दाणे काढून टाकावेत. हे पाच मिनिटांचे काम भाजण्यापेक्षा अधिक उपयोगाचे आहे. भाजल्याने विष काही प्रमाणात कमी होते, पण नाहीसे होत नाही. शिजवल्याने तर फारसा फरक पडत नाही. काढलेले दाणे पक्ष्यांना किंवा जनावरांना घालू नयेत.

खवटपणा आणि बुरशीचे विष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही लक्षात ठेवावे. दाण्यातील तेल हवेने बिघडले की तो खवट लागतो. असा दाणा विषारी असेलच असे नाही, आणि चवीला गोड लागणारा दाणा निर्दोष असेलच असेही नाही. तरीही दाणा कडू, खवट लागला तर तो थुंकून टाकावा. जुना, नीट न ठेवलेला माल असल्याची ती खूण असते. पावसाळ्यात महिन्याचा साठा करण्यापेक्षा पंधरा दिवसांचे दाणे आणावेत, कोरड्या हवाबंद डब्यात ठेवावेत, कूट फ्रिजमध्ये ठेवावे. जास्त दिवस ठेवायचे असतील तर शेंगाच घ्याव्यात. टरफल हे दाण्याचे सर्वांत चांगले आवरण आहे.

आणि दुकानदाराला एक प्रश्न विचारावा: दाणे निवडलेले आणि तपासलेले आहेत का? सुरुवातीला त्याच्याकडे उत्तर नसेल. पण निर्यातीत तपासणी आली ती ग्राहकाने आकडा मागितला म्हणून. देशातल्या ग्राहकानेही तो मागायला सुरुवात केली, तर शेंगा उन्हात चार दिवस जास्त वाळवणाऱ्या शेतकऱ्याच्या कष्टाला बाजारात मोल येईल.